सगळं हून गेलेली सुंद्राक्का

ज्या घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, त्या घरात आमच्या गल्लीतली दोनच माणसं जायची. एक त्या घराचा मालक आणि दुसरी सुंद्राक्का. मालकाचा नाइलाज होता. सुंद्राक्का मात्र वखारीतनं सुटली की पदरावरची तंबाखू झटकत, स्वतःचं घर ओलांडून, सरळ त्या डहाळ्याखालनं आत शिरायची. कुणी अडवलंच तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं.

"आपलं हून गेलंय."

निपाणीतल्या आमच्या गल्लीत तेव्हा, म्हणजे सत्तर साल उलटल्यावर, डहाळा दिसला की समजायचं, आत गोवर आहे नाहीतर कांजिण्या. रोगाचं नाव घ्यायचं नाही, 'बाई आल्यात' म्हणायचं. त्या घरात फोडणी द्यायची नाही, बाहेरच्यानं उंबरा ओलांडायचा नाही, आणि आतल्यानं बाहेर यायचं नाही. माझी आई तर मला हाताला धरून रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं न्यायची. मी तेव्हा हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर होतो, मिशी होती मला, पण आईचा हात काही सुटला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही तो सोडवायचा नव्हता. मी जन्माचा भित्रा माणूस. समोरचा शिंकला की माझा घसा दुखायला लागतो. मार्गशीर्ष लागायच्या आत मी मफलर बांधतो आणि चैत्र संपल्यावर सोडतो. अशा माणसाच्या समोरच्याच घरात देवानं सुंद्राक्का आणून ठेवावी, याला काय म्हणावं!

दुसरी माणसं आपल्या पदव्या सांगतात तशी ही बाई आपले आजार सांगायची. गोवर, गालगुंड, डांग्या खोकला, कांजिण्या, सगळं हून म्हणजे होऊन गेलेलं, एका दमात. देवी तर तोंडावरच होत्या. वणांनी गाल भरलेले. त्याची तिला लाज सोडाच, ऐट होती. म्हणायची, "आईनं सही करून ठिवलीया. आता दुसऱ्या कुनाचं काम न्हाय." आमच्याकडच्या बायका बोलताना आलो-गेलोच म्हणतात, आक्काही तशीच. "मी गेलतो, मी बसलतो." त्या खणखणीत आवाजात ते बोलणं शोभूनही दिसायचं.

आजारी पोराच्या उशाशी बसून ती काय करायची? औषध नाही, अंगारा नाही. पोराला खाजवू द्यायची नाही, पेजेचं भांडं तोंडाला लावायची आणि मधूनमधून तापाशी भांडायची. पोर बरं झालं की ते तिचं झालं. गल्लीतली सगळी पोरं तिनं आजारावर वाटून ठेवली होती. हा माझ्या गोवरातला, ती माझ्या गालगुंडातली. एकदा कोपऱ्यावरच्या घरातल्या थोरल्याचं लग्न ठरत होतं. मुलीकडची मंडळी चिकोडीहून बघायला आली, बैठक बसली, पोहे फिरले. आक्का मध्येच आली, नवऱ्या मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि पाहुण्यांना कौतुकानं म्हणाली, "ह्यो माझ्या डांग्या खोकल्यातला." मुलीच्या बापाच्या हातातला चमचा तसाच राहिला. लग्न झालं, पण मुलाचा बाप पुढं वर्षभर आक्काशी बोलत नव्हता.

तिचं एक शास्त्र होतं. माणूस इसरतो, अंग इसरत न्हाय, हे त्याचं पहिलं कलम. वखारीच्या राखणदारानं एकदा चोर धरला, की पुढं तो चोर टोपी घालून येऊ दे नाहीतर धोतर नेसून, राखणदार त्याला दारातच ओळखतो. अंगातही तसले राखणदार बसलेले असतात. गोवर एकदा येऊन गेला की त्याचं तोंड त्यांच्या ध्यानात राहतं, दुसऱ्यांदा तो आत पाऊल टाकू शकत नाही. मग मी विचारलं, असं आहे तर सर्दी दरवर्षी कशी येते? माझ्या मते हा बिनतोड प्रश्न होता. आक्का म्हणाली, सर्दी म्हणजे बहुरूपी. आज पोलीस होऊन येतो, उद्या वाणी होऊन येतो. बिचारा राखणदार पहिल्यांदा सलाम ठोकतो आणि मग लक्षात येतं, अरे हा तर दुसराच. तोवर नाक गळायला लागलेलं असतं.

त्या बहुरूप्यावर तिचा फार राग. निपाणीत तंबाखूच्या धुळीनं सगळंच गाव शिंकतं, पण वखारीची शिंक वेगळी आणि सर्दीची वेगळी, हे तिला आवाजावरनं कळायचं. सर्दीची शिंक आली की ती कंबरेवर हात ठेवून उभी राहायची आणि सर्दीला कानडीत शिव्या द्यायची. 'नडी होरग,' म्हणजे चल बाहेर, इथपासून सुरुवात. पुढचं मी लिहू शकत नाही. कानडीत का, असं विचारलं तर म्हणायची, मराठीत शिव्या खाऊन ती सोकावलीय, आणि सरकार आपलं ऐकत नाही ते नाही, निदान सर्दीनं तरी सरकारी भाषा ऐकावी. सीमाभागातला एवढा मोठा तंटा तिनं नाकावर आणून मिटवला होता. मी गोळ्या घेऊन, वाफ घेऊन, पांघरुणात पडून आठवड्यानं बरा व्हायचो. ती पोती उचलत, चाळण मारत, शिव्या देत आठवड्यानंच बरी व्हायची. वर येऊन मला ऐकवायची, "मास्तरा, नाक गळतंय म्हंजे आतली मान्सं कामाला लागल्यात. त्यास्नी काम करू दे की रं."

तिचं सगळंच बरोबर होतं असं नाही. गल्लीत पहिल्यांदा लशीची नर्स आली, तेव्हा आक्का आडवी आली. पोरांना सुया कशाला, होऊन जाऊ दे की एकदा, असं तिचं म्हणणं. तेव्हा बाजारात नवा दवाखाना टाकलेले डॉक्टर मगदूम स्वतः चालत आले. शांत माणूस. तिचाच राखणदार घेऊन त्यांनी तिला गुंडाळलं. म्हणाले, "आक्का, चोर घरात शिरायची वाट कशाला बघायची? राखणदाराला आधी फोटो दाखवून ठेवू." दुसऱ्या दिवसापासनं तिनं गल्लीतलं एकेक पोर कान धरून दवाखान्यात न्यायला सुरुवात केली. पोरं बोंबलायची आणि ही सगळ्यांना सांगत सुटायची की काही नाही, फोटू दाखवून आणतो. हिच्यापेक्षा गोवर बरा, असं पोरं म्हणत.

नवरा तिचा फार पूर्वी वारला होता. मूलबाळ नाही, असं गल्ली धरून चालायची. पण गल्लीतली प्रत्येक बाळंतीण आणि प्रत्येक बाळ तिच्या हातचं न्हालेलं. न्हाणीत पाटावर बसायची, पाय लांब करायची, नडग्यांवर बाळ पालथं घालायची आणि बंबातलं पाणी अशा बेतानं ओतायची की बाळ रडायचं विसरायचं. त्या वेळी तिच्याशी कुणी बोललेलं तिला खपत नसे. एरवी गल्लीभर ऐकू जाणारा आवाज तेवढ्यापुरता बंद असायचा.

ऐंशीनंतरची गोष्ट. माझी धाकटी बहीण लता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आईचे हात संधिवातानं आखडलेले, तांब्या उचलताना थरथरायचे. त्यामुळं न्हाणं आक्कानं घालायचं हे बोलायचीसुद्धा गरज नव्हती. ती रोज येऊन लताच्या पोटाकडं बघून जायची आणि कधी एकदा येतंय म्हणून माझ्यावरच डाफरायची.

लताला नववा संपत आला आणि आक्काच्या डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं. वखारीत हंगाम जोरात होता, पोतं उचलताना चमक भरली असेल म्हणून ती तशीच कामाला जात राहिली. मग त्या जागी लाल पट्टा उठला आणि त्यावर पाण्याचे फोड आले. शेजारच्या जैन घरातल्या आजींनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. "सर्पसुत्तु," त्या म्हणाल्या. आपण त्याला नागीण म्हणतो. ती कंबरेला वेढा घालत जाते आणि तिचं तोंड नि शेपूट एकत्र आलं की माणूस संपला, हे तर कानडी-मराठी दोघांनाही मान्य. आजींनी लाल काव कालवून पट्ट्याच्या दोन्ही टोकांना लावली, म्हणजे नागीण तिथंच अडावी. कुणी मांत्रिक सुचवला. आक्का म्हणाली, "नागीन हाय का गांडूळ, मी बगतो तिला." पण दुखणं असं होतं की लुगड्याचा काठ लागला तरी ती ओठ चावायची.

आता आमच्या गल्लीची अक्कल बघा. कांजिण्या म्हटलं की दारं लावणारी ही माणसं नागीण बघायला मात्र झुंडीनं आली. कारण नागीण ही बाधा, ती लागत नाही! बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या, फोड वाकून वाकून बघून गेल्या. त्यातच लता बाळंत झाली. मुलगी झाली. मायलेकी घरी आल्या आणि आईनं आक्काला निरोप धाडला, दुखत असलं तरी उद्यापासनं न्हाणं तेवढं घालून जा, बाकी काही करू नको. आक्कानं लगेच व्हय म्हटलं. आधी डॉक्टरांकडनं दुखण्यावर काहीतरी घेऊन येऊ म्हणून त्याच सकाळी मी तिला मगदूमांकडं घेऊन गेलो. नागिणीच्या बाईबरोबर रस्त्यानं चालताना मी दोन हात अंतर ठेवलं होतं, हेही सांगून टाकतो.

डॉक्टरांनी पट्टा बघितला, काव पुसायला सांगितली आणि विचारलं, "आक्का, तुम्हाला कांजिण्या कधी आल्या होत्या?"

आक्का ताठ बसली. "आपलं हून गेलंय ते. लई वर्सं झाली."

"येऊन गेलं. पण अंगातनं गेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. कांजिण्यांचे फोड वाळतात, माणूस बरा होतो, पण त्यांचा विषाणू अंगातच राहतो. पाठीच्या कण्याजवळ नसांच्या मुळाशी जाऊन गप पडतो. अंगातले राखणदार त्याच्यावर नजर ठेवून असतात म्हणून तो वर्षानुवर्षं हलत नाही. वय होतं, शरीराची ओढाताण होते, पहारा ढिला पडतो, आणि तो एका नसेच्या वाटेनं बाहेर येतो. एका नसेची हद्द अंगाच्या एकाच बाजूला असते, म्हणून पट्टा एकाच बाजूला उठतो. वेढा पुरा व्हायचा नाही, मरायचं तर मुळीच नाही.

आमच्या भागात त्या दिवसांत कुळकायद्याच्या केसी चालू होत्या. जो जमीन कसतो त्याच्या नावावर ती लागत होती आणि घरोघरी तेवढाच विषय होता. आक्कानं डोळे बारीक केले. "म्हंजे ते कूळ हून बसलंय म्हना की माझ्यात. इतकी वर्सं ऱ्हायलं म्हंजे कायद्यानं अंग आता त्येच्याच नावावर व्हायचं काय?" डॉक्टर मोकळेपणी हसले. मीही हसलो. आक्काही हसली असती, पण डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिता लिहिता सहज विचारलं, घरात कुणी गरोदर बाई, तान्हं मूल आहे का?

मी म्हटलं, आमच्याकडं आहे, आणि आक्काच उद्यापासनं न्हाऊ घालणार आहे.

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, तुमच्या बहिणीला कांजिण्या येऊन गेल्यात? नव्हत्या आल्या. लहानपणी गल्लीत साथ आली तेव्हा आईनं तिला येळ्ळूरला मावशीकडं धाडलं होतं. आई वर्षानुवर्षं त्याची फुशारकी मारायची. डॉक्टर म्हणाले, या फोडांतल्या पाण्यात तोच विषाणू आहे. ज्याला कांजिण्या आल्या नाहीत त्याला ते लागलं तर कांजिण्याच होतील. आईचे राखणदार पोटातनं बाळाला मिळतात, पहिले काही महिने तेच त्याला सांभाळतात. इथं आईकडंच ते नाहीत, तर बाळाला कुठनं मिळणार? तान्ह्या जिवाला हे फार वाईट होतं. फोडांवर खपली धरून ती वाळेपर्यंत बाळ-बाळंतिणीच्या जवळसुद्धा जायचं नाही.

आक्का खाली बघत बसली होती. तिनं विचारलं, "तेच हाय का ह्ये? त्या येळचंच?"

"तेच, आक्का. नवं नाही."

ती उठली, पदर नीट केला आणि चालायला लागली. मी मागनं चिठ्ठी घेऊन निघालो. बाजार ओलांडेपर्यंत ती पुढंच होती. मग गिरणीजवळ थांबली आणि भिंतीला हात टेकून, माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

तिला कांजिण्या झाल्या त्या लहानपणी नव्हेच. पहिल्या बाळंतपणात, सासरच्या खेड्यात. पोरगा झाला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावर फोड उठले. दाराला डहाळा लागला. सासू शेजारी राहायला गेली, नवरा भाकरी उंबऱ्याबाहेर ठेवून जायचा. मग पोराच्या अंगावर फोड आले. बारशाच्या आधीच पोरगा गेला.

"कुनी सुदीक आत आलं न्हाय, मास्तरा," ती म्हणाली. "मला उठवत नव्हतं. पोराला एकदा न्हाऊ घाला गं म्हनून मी आतनं हाका मारत हुतो. येकबी बाई आली न्हाय. तसाच पारोसा गेला. आनि ज्येनं त्येला नेलं, त्येला मी पोटच्यावानी अंगात सांबाळलं की रं."

मी डॉक्टरांनी सांगितलेलंच पुन्हा सांगत राहिलो, की तू सांभाळलं नाहीस, तू त्याला इतकी वर्षं डांबून ठेवलंस, हलू दिलं नाहीस. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. डोळे पुसले आणि म्हणाली, "पोर न्यायला बगतंय व्हय माझ्या हातानं? बगतोच मी." आणि माझ्या पुढं तरातरा चालायला लागली. मी धापा टाकत मागं.

आमच्या दारात आई बंब पेटवून वाट बघत होती. आक्का आमच्या पायरीपासनं लांब, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि येणार नाही म्हणाली. आईला वाटलं रुसली. नागीण कुठं लागते का, असं आई म्हणाली, चार बायकांनी दुजोरा दिला. जैन आजींनीसुद्धा दिला. आक्का सगळ्या गल्लीला पुरून उरली. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिनं आपल्या भाषेत, कुळकायद्यासकट, भर रस्त्यात सांगितलं. ज्यांनी तोंड घातलं त्यांची तोंडं बंद केली. त्या दिवसापासनं तिनं वखारीत जाणं बंद केलं, फोडांवर जुन्या लुगड्याची घडी बांधली आणि आपल्या कट्ट्यावर जाऊन बसली.

कट्ट्यावर बसून तिनं गल्लीची छाननी सुरू केली. कुणाचं हून गेलंय आणि कुणाचं नाही हे सगळं तिला तोंडपाठ. तुझं झालंय, तू ये. तुझं न्हाय झालं, तितनंच बोल. माझं तिच्याच हातचं झालेलं होतं, त्यामुळं जेवणाचं ताट न्यायचं काम माझ्याकडं आलं. मी ते हात पुरता लांब करून द्यायचो. ती म्हणायची, मास्तरा, आणखी लांब बांबूनं दे.

न्हाणं घालायचं कुणी, हा प्रश्न होताच. आईचे हात चालेनात, लताला काही येईना. शेवटी पाटावर बसला कोण, तर मी. मिशीवाला, मफलरवाला. न्हाणीची खिडकी आक्काच्या कट्ट्यासमोर होती. ती रस्त्यापलीकडनं हुकूम सोडायची आणि मी पाळायचो. मान धर. मान म्हटलं मी, पाय न्हवं. पानी हातावर बघ आधी. साबन डोळ्यात गेला तर तुझ्या डोळ्यात घालीन. रस्त्यानं जाणारे लोक थांबून ऐकायचे. हायस्कुलात ही बातमी पोचली, आणि पोरांनी फळ्यावर माझं चित्र काढलं. चित्र वाईट नव्हतं. बारसं आक्का येईपर्यंत थांबवू, असं लता म्हणत होती. आक्कानंच थांबू दिलं नाही. बारसं टळू नये म्हणाली, आणि आम्ही घरात नाव ठेवलं तेव्हा ती कट्ट्यावर उभी होती.

खपल्या धरल्या, वाळल्या, गळल्या. मगदूम डॉक्टरांनी बघून आता हरकत नाही म्हटलं, तरी ती आणखी काही दिवस आली नाही. मग एका सकाळी डोक्यावरनं न्हाऊन, धुवट लुगडं नेसून आमच्या पायरीवर उभी राहिली. आईनं बंबात लाकडं सारली. आक्का पाटावर बसली, पाय लांब केले. लतानं पोरगी तिच्या नडग्यांवर ठेवली. माझ्या हातनं रोज टाहो फोडणारी ती कार्टी एवढंसं तोंड वासून गप पडली. आक्कानं तिला चोळली, शेक दिला, टाळूवर पाणी धरलं, पंच्यात गुंडाळली आणि लताच्या हातात दिली.

लता बाळाला घेऊन आत गेली. आक्का उठली नाही. पाय तसेच लांब करून बसली होती. मग तिनं तांब्या पुन्हा भरला आणि आपल्या रिकाम्या नडग्यांवर, जिथं बाळाची पाठ असते तिथं, हळूहळू पाणी ओतायला लागली. एका हातानं ओतत होती आणि दुसरा हात पाण्याखाली फिरत होता. तांब्या रिकामा झाला की परत भरायची. बादली तळाला गेली.

मी न्हाणीच्या दारात उभा होतो. आई माझ्या मागनं पुढं आली. तिला मी गिरणीजवळचं काही सांगितलं नव्हतं.

"पानी पुरं हाय न्हवं गं आक्का?" आईनं विचारलं.

"न्हाय," आक्का म्हणाली. "आनखी लागंल."

आईनं त्या थरथरत्या हातांनी बंबातली दुसरी बादली काढली आणि पाटाशेजारी नेऊन ठेवली.